मधली पट्टी

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिलंय खरं, पण कंबरेने परवानगी दिलेली नाही, तेव्हा मनाने वाकले आहे असं धरून चाला.) गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता, की अजून “मला कोणाचा आधार नको” हेच चालू आहे? नवी कवळी नीट बसली का? जुनी तुम्ही कोणावर ओरडलात की निसटायची, म्हणून घरातले तुम्हाला मुद्दाम चिडवायचे, असं तुमच्या सुनेने मला फोनवर सांगितलं होतं. (मी सांगितलं असं सांगू नका.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे बंधूही बरे आहेत, म्हणजे आता बरे आहेत. मधे नव्हते. तेच सांगायला बसले आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचायला बसा, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्ही माझ्या लग्नापासून बघत आला आहात.

छापलेलं पत्र पाहून तुम्हाला आधी वाटेल की पाणीपट्टीवाल्यांचं काहीतरी आलं, आणि तुम्ही ते न वाचताच घड्याळामागे खोचून ठेवाल. तसं करू नका. अक्षर यंत्राचं आहे, शब्द माझे आहेत. कॉम्प्युटरवर एका बोटाने लिहिते आहे. माझं शिक्षण किती ते तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेत गेले त्याच्यापेक्षा शाळेवरून जास्त गेले. तरी लिहिते आहे, आणि कुठे बसून लिहिते आहे ते पुढे कळेल. (बसले आहे जेवणाच्या जुन्या टेबलाशीच. मी दुसऱ्या अर्थाने म्हणते.)

तर आमचा कॉम्प्युटर. तो या टेबलावर असतो, त्यामुळे जेवण आता मांडीवर ताट घेऊन होतं. नात कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडं थाटली. एक तुमच्या बंधूंचं जुनं. त्याचा पडदा निळा, म्हणून मी त्याला निळी म्हणते. दुसरं नातीचं, त्याचा पडदा काळा, म्हणून काळी. नात पूल बांधायचं शिकते आहे, म्हणजे अजून हाताने नाही, चित्रात, आणि तिचं ते पुलाचं काम फक्त काळीतच चालतं. यंत्र एकच, पण निळीत गेलात की काळी दिसत नाही आणि काळीत गेलात की निळीशी बोलणं जेवढ्यास तेवढं. दोन सुनांचं घर असतं ना, चूल एक आणि तोंडं दोन दिशांना, अगदी तसं. आत कुठेतरी जागेची वाटणी केलेली आहे म्हणे, इतकी निळीची, इतकी काळीची.

यंत्र सुरू केलं की आधी एक काळोखा पडदा येतो आणि त्यावर दोन नावं, वर काळीचं, खाली निळीचं. आपण बाणाचं बटण दाबून सांगायचं कुठे जायचं. आपण गप्प राहिलो तर थोडं थांबून ते आपलं आपण काळीत शिरतं. आता तुमच्या बंधूंचा चष्मा. तो खिशात नसतो, कपाळावर असतो, आणि तो खिशात नाही हे कळून कपाळावर सापडेपर्यंत यंत्र काळीत पोचलेलं असतं. मग बंद करा, परत सुरू करा, परत चष्मा पुसत बसा. शेवटी मला नोकरी लागली. हे “चल गं” म्हणाले की मी स्वयंपाकघरातून येऊन खालच्या बाणाचं बटण दाबायचं आणि परत जायचं. मी मोठ्या निष्ठेने ती केली. पण ह्यांच्या मनात एक सल राहिला होता, तो वेगळाच. घरातला सगळ्यात ज्येष्ठ माणूस, आणि नाव खाली.

त्यातून निळीतली जागा संपली. संपेल नाहीतर काय होईल. गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल हे नगरपालिकेला अर्ज लिहितात हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक अर्जाची आधीची प्रत ठेवतात, सुधारलेली ठेवतात, मग “शेवटची”, मग “अगदी शेवटची”, मग “हीच शेवटची समजावी”. शिवाय गटाराचे फोटो. सकाळचे, दुपारचे, पावसातले. आमच्या लग्नाचा एक फोटो आहे, वन्सं, आणि त्या गटाराचे बघून संपत नाहीत. नात म्हणाली, आजोबा, जुने पुसून टाका. हे म्हणाले, सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, कागद कधी फेकला नाही, आता का फेकू. यंत्र रोज कोपऱ्यात लाल पट्टी दाखवायचं आणि हे रोज तिच्याकडे पाठ फिरवून बसायचे.

मग एका सकाळी, नात कॉलेजात असताना, ह्यांना निळीत कुठेतरी खोल नकाशा सापडला. जागेच्या वाटणीचा नकाशा हो, आडव्या चौकोनांचा, इथून इथपर्यंत अमुक, तिथून पुढे तमुक. आता तुम्हीच विचार करा. ज्या माणसाने उभा जन्म मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवला, ज्याला निवृत्त झाल्यापासून कोणी नकाशा दाखवलेला नाही, त्याच्यापुढे घरबसल्या नकाशा. चेहरा असा फुलला की मी दाराशी उभी राहून बघत होते. ह्यांनी कपाटातून फूटपट्टी काढली आणि पडद्याला लावली. (काचेवर ओरखडा आला आहे, नातीला अजून दिसलेला नाही.) मोजलं, कागदावर मांडलं, आणि म्हणाले की खोक्यावर लिहिलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा जुळत नाही, मधली गहाळ आहे. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जशी मीच ती डब्यात भरून ठेवली.

आणि मग ह्यांना तो सापडला, मोठा चौकोन, निळीच्या शेजारी लागून. बाकीच्यांवर नावं होती, ह्याच्यावर काही नाही. आता निळीला काळीतलं वाचता येत नाही, म्हणून ती बिचारी नाव न घालता नुसता चौकोन दाखवते, हे आम्हाला नंतर कळलं. तुमच्या बंधूंना त्या क्षणी एवढंच दिसलं की मालकाचं नाव नसलेला प्लॉट आहे आणि आपली जमीन त्याला लागून आहे. तरी माणूस नियमाने वागला, हे मी सांगायलाच हवं. मोजणीत शेजारच्यांना विचारायची पद्धत असते, त्याप्रमाणे ह्यांनी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं की शेजारच्या तुकड्यावर कोणाचा हक्क आहे का. मी भाजी चिरत होते. हे असं दिवसभर काहीतरी विचारतात, आणि मी सगळ्याला एकच उत्तर देते, ते मी दिलं, नसेल हो, घ्या तुम्ही. म्हणजे पंच म्हणून माझी साक्ष झाली.

मग यंत्राने विचारलं, नक्की ना? हे म्हणतात, तीस वर्षं लोक मला नक्की ना विचारत आले आणि मी कधी नाही म्हटलं नाही. दाबलं. यंत्राने परत विचारलं, परत दाबलं. तो चौकोन मोकळा झाला, ह्यांच्या निळीला जोडला गेला, लाल पट्टी जाऊन निळीशार झाली. मला बोलावून दाखवली. मी म्हटलं, छान. खरंच छान दिसत होती. मग यंत्र बंद केलं, कारण जेवायची वेळ झाली होती. जेवण झालं, ह्यांची झोप झाली, उठून “चल गं” म्हणाले, मी हात पुसत येऊन बटण दाबायला बोट पुढे केलं, तर बाण कुठे दाखवू? ना वर नाव ना खाली. काळोख, त्यात इंग्रजीची एक ओळ, आणि तिच्या टोकाला एक रेघ डोळे मिचकावते आहे. निळी नाही, काळी नाही. बंद केलं, सुरू केलं, तेच.

इथे तुमच्या बंधूंनी दुसरी गोष्ट केली. नात यायच्या आत निस्तरावं म्हणून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला गल्लीत सगळे पुसूनटाकू म्हणतात, कारण यंत्र काहीही कुरकुरत असो, त्याचं औषध एकच, सगळं पुसून टाकू आणि नवीन घालू. तो आला, पडद्याकडे बघितलं, बसायच्या आधीच म्हणाला, पुसून टाकू. हे मान हलवत होते. आणि मी त्याला बाहेर काढलं. आता नातीला वाटतं की आजीने प्रसंगावधान दाखवलं, कोणाचं कपाट त्याच्या माघारी आवरू नये वगैरे. मी तसंच वाटू दिलं आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मी नुकती फरशी पुसली होती आणि तो बुटांसकट आत आला होता. मी त्याला म्हटलं, आधी बाहेर जा आणि पाय पुसून या, आणि तो रागावून जो गेला तो गेलाच.

नात आली. पडदा पाहिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही, दप्तर खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही काय काय केलंत ते मला फक्त क्रमाने सांगा.” ह्यांनी सांगितलं. सांगता सांगता ह्यांनाच कळत गेलं, आवाज बारीक होत गेला. त्या बिननावाच्या चौकोनात तिचा पूल होता, वन्सं. वर्षभर केलेला. परवा कॉलेजात दाखवायचा. दुसरीकडे एक प्रत होती, पण ती सुट्टीच्या आधीची, तिच्यात पूल नदीच्या निम्म्यातच येऊन थांबला होता. हे म्हणाले, “नाव नव्हतं गं त्याच्यावर कोणाचं.” आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे. लहानपणी तुमच्याकडून मार खाल्ल्यावर असेच उभे राहायचे असं सासूबाई सांगायच्या. मला तुमची आठवण झाली. तुम्ही असता तर तुम्ही ओरडला असता, कवळी पडली असती, सगळे हसलो असतो. आम्हाला दोघींना ओरडताही येत नव्हतं.

मग नातीने एक पेनड्राइव्ह काढला, काडेपेटीहून लहान, आणि यंत्राच्या कुशीत खोचला. त्याच्यातून यंत्र जागं झालं, तिसऱ्याच कुणाच्या घरी उठल्यासारखं. मला तिने समजावलं की सामान गेलेलं नाही, फक्त कुंपण आणि पाटी काढली आहे, सामान जिथल्या तिथे असेल. पण त्या जागेवर कोणी नवीन काही आणून ठेवलं असेल तर खालचं गेलं. मग तिने गॅलरीकडे न बघता विचारलं, जागा जोडल्यावर आजोबांनी तिथे काही ठेवलं का. अर्ज? फोटो? सगळं आता ह्याच्यावर होतं. मी जाऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, छे, ताबा कुठे घेतला होता, ताबा नेहमी जेवणानंतर घ्यायचा असतो.

म्हणजे असं की मोजणी खात्यात सकाळी मोजायचं, हद्द ठरवायची, मग जेवायचं, आणि ताबा दुपारच्या चहानंतर. तीस वर्षांची सवय. गटाराचे सगळे फोटो ह्यांनी न्यायला काढून ठेवले होते आणि वरणभात गार होतो म्हणून यंत्र बंद करून उठले होते. ह्या माणसाला मी जन्मभर बोलत आले की घर जळत असलं तरी तुम्ही आधी जेवाल. आता बोलता येणार नाही.

पुढे शोधकाम. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती, म्हणजे भरत होती असं नात म्हणायची, मला ती तिथेच दिसायची. दवाखान्याच्या बाकावर बसतात तसे आम्ही बसलो. मी चहा केला, कोणी प्यायला नाही, मी परत गरम केला. हे आत आले आणि तिच्या मागे उभे राहिले, हातात फूटपट्टी तशीच. मी आपली तुमच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले, कोणीतरी बोलायला हवं म्हणून. आणि एकदम पडद्यावर हिरव्या अक्षरांची ओळ आली. नात पुढे सरकली. जुन्या हद्दीच्या खुणा सापडल्या होत्या. तिने आत डोकावून बघितलं, एकेक नाव खाली उतरत गेलं, आणि एका नावापाशी ती थांबली. मला वाचता येत नाही इंग्रजी, पण तिची मान मागून दिसत होती. मान सैल पडली. तिने डोळे पुसले, मागे वळली नाही, नुसता हात मागे केला आणि म्हणाली, “पट्टी द्या आजोबा, तुमची हद्द आखायची आहे.” ती थट्टा करत होती. ह्यांनी खरोखर दिली, वर म्हणाले, डाव्या कडेपासून मोज. मग ती हसली, मग मी, आणि मग परत गरम केलेला चहा सगळ्यांनी प्यायला.

गंमत आता आहे. ह्यांची जमीन मागे सरकवताना नातीने भीती नको म्हणून जरा जास्तच मागे सरकवली, मग काळीचं कुंपण मूळच्या जागी बसवलं. दोन्ही उठल्या, दोन्ही चालायला लागल्या, पूल अख्खा, नदीच्या पार. पण मधे एक पट्टी उरली, निळीच्याही बाहेर आणि काळीच्याही. झालं. हे म्हणाले, माझ्यातून निघाली, माझी. ती म्हणाली, तुम्ही आधी माझी अख्खी घेतली होती, नुकसानभरपाई म्हणून माझी. हे म्हणाले, दंडाची तरतूद नकाशात नसते. आत्ता घटकाभरापूर्वी रडकुंडीला आले होते दोघं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग ती मला द्या.”

दोघांनी वळून असं पाहिलं की जसं कपाट बोललं. हे म्हणाले, तुला कशाला, तू काय ठेवणार? मी म्हटलं, काही नाही, रिकामी ठेवीन. तुम्हाला म्हणून सांगते, वन्सं. ह्या घरात माझा म्हणून एक खण आहे, मधल्या कपाटातला. त्यात ह्यांच्या चष्म्यांची जुनी घरं आहेत, गेलेले दिवे आहेत, कसले कसले स्क्रू आहेत, नातीच्या बापाचं पहिलीतलं प्रगतिपुस्तक आहे, आणि कोपऱ्यात माझा कंगवा. रिकामी अशी जागा मला कोणी कधी दिली नाही आणि मीही मागितली नाही, सुचलंच नाही. नातीने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी पट्टीकडे बघितलं, आणि म्हणाले, द्या, दोघांमध्ये एक तिऱ्हाईत असलेला बरा. (पन्नास वर्षं मी तेच करते आहे, फक्त नकाशात आज आले.) नातीने तिच्यावर माझं नाव घातलं. आणि ऐका, माझी पट्टी निळीतूनही दिसते आणि काळीतूनही. दोन्हीकडून दिसणारी तेवढी एकच.

मी तिथे बसून हे पत्र लिहिते आहे. पहिल्या दिवशी नुसती उघडून बघितली. काही नव्हतं. इतकं छान वाटलं की बंद करून परत उघडली.

पूल पास झाला. दोन नावांच्या त्या पडद्यावर नातीने आता आजोबांचं नाव वर घातलं आहे, आणि ते चष्मा सापडेपर्यंत थांबतं. त्यामुळे माझी बाणाची नोकरी गेली. पण जमीन मिळाली, तेव्हा तक्रार नाही. हे कालच माझ्याकडे आले आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. गटाराचे थोडे फोटो तात्पुरते तुझ्याकडे ठेवू का म्हणाले. मी म्हटलं, रीतसर अर्ज करा. केला हो. विषय, संदर्भ, महोदया, सगळं. तीन प्रती, शेवटची धरून. विचाराधीन आहे.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद आणि तुम्हाला पुन्हा एकदा तेवढ्याच मापाने वाकून नमस्कार.

तुमची भावजय

ता.क. – एक काम राहिलं, खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले. तुमच्या बंधूंचा तो लहानपणचा फोटो तुमच्याकडे आहे ना, तुमचा फ्रॉक घातलेला, दोन वेण्या आणि नाकातून धार, जो ते इतकी वर्षं तुमच्याकडे परत मागतात आणि तुम्ही देत नाही? तो मला पाठवा. माझ्या पट्टीत एकच वस्तू ठेवायची ठरवली आहे. दोन्हीकडून दिसते, हे मी वर सांगितलंच आहे.

ता.क. – सदर फोटो कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये. तसेच जागा गहाळ असल्याबाबतचा मजकूर वर अपुरा आहे, सविस्तर स्वतंत्रपणे कळवीन. फ्रॉक ताईचा नव्हता, शेजारचा होता.

ता.क. – आत्याआजी, फोटो मोठ्या आकारात पाठव, माझ्याकडे जागा भरपूर आहे. आणि काचेवरचा ओरखडा मला पहिल्याच दिवशी दिसला होता.

ता.क. – वन्सं, वरची दोन ताजी कलमं माझी नाहीत. सकाळी उघडलं तर आत होती. दोन्हीकडून दिसते म्हणजे दोन्हीकडून येताही येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिकामी ठेवायला म्हणून घेतली, आणि आत्ता बघते तर माझ्या पत्राच्या शेजारी पुलाचं चित्र आहे आणि गटाराचा एक फोटो आहे, सकाळचा. मंजुरी दिलेली नव्हती. असू दे, आता कुठे बाहेर काढू. पण फोटो टपालाने पाठवू नका, टपाल हे घेतात. तुम्ही स्वतःच घेऊन या. आमच्याकडे जिना नाही, गुडघ्याला सोपं पडेल, आणि राहायला या, नुसतं द्यायला नको. ह्यांना ओरडायचं काम अजून व्हायचं आहे, ते मी तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे.